मतदानाची टक्केवारी आणि देशाचा स्वभाव

परदेशी मंडळींशी राजकारणावर थट्टामस्करी रंगली की एकमेकांच्या देशाचा स्वभाव काढला जातो, ते चालायचेच. परंतु ऑस्ट्रेलियात मतदान जास्त होते, म्हणून ‘ऑस्ट्रेलियन माणूस जात्याच जागरूक आणि आपण आळशी’ असे जे मत मांडले जाते, ते मला मुळीच पटत नाही. तेथे १९२२ च्या निवडणुकीत साठ टक्क्यांहूनही कमी मतदान झाले होते; १९२४ मध्ये ते सक्तीचे झाले आणि पुढच्याच वर्षी आकडा ९१ टक्क्यांवर गेला. एवढ्या अवधीत कोणाचा स्वभाव पालटतो?

गुजरातेत स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी असाच कायदा झाला होता, पण २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, त्यामुळे आम्हा वडोदरेकरांना मत न दिल्याबद्दल दंड नाही. तरीही दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकू, गुडघे धरलेले असताना, भर उन्हात रांगेत उभ्या राहतात आणि जिना चढताचढता शाईचे बोट सर्वांना दाखवतात. तुलना करायचीच तर सक्ती नसलेल्या अमेरिकेशी करावी: तेथे २०२० च्या विक्रमी निवडणुकीत सुमारे दोन तृतीयांश मतदार आले, आणि आपल्याकडे २०१९ मध्ये ६७ टक्के.