बोट धक्क्याला लावताना लागली: तुमचे अनुभव लिहा

लॅनियरकाठी

मंडळी, गेल्या ऑक्टोबरात माझी बोट धक्क्यावर आपटली आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं असं सारखं वाटतंय, म्हणून हा धागा काढतोय. शिडाची असो, मोटरची असो, भाड्याने घेतलेली असो नाहीतर कॉलेजात वल्हवलेली असो, जिने मार खाल्लाय अशा कुठल्याही बोटीबद्दल लिहा. कुठे होतात, काय झालं, नेमकं किती लागलं, आणि मुख्य म्हणजे पुढे काय केलंत.

आधी माझं. अटलांटाच्या उत्तरेला लेक लॅनियर आहे, बुफोर्ड धरणाचा जलाशय. पाणी वर्षभरात बरंच खालीवर होतं म्हणून धक्के तरंगते असतात. आमची २२ फुटी फायबरची बोट, मागे एकच इंजिन. त्या दिवशी वारा आडवा होता. स्लिपमध्ये, म्हणजे धक्क्याला लागून बोट उभी करायच्या जागेत, शिरताना वेग जास्त वाटला म्हणून मी न्यूट्रलला टाकली, आणि चुकलं ते इथेच, कारण अशा बोटीचा पंखा फिरायचा थांबला की तिला वळवताच येत नाही, स्टिअरिंग नुसतं हातात गोल फिरत राहतं. वाऱ्याने नाक ढकललं. धक्क्याच्या कोपऱ्यावरचं रबर निघून गेलेलं, खालची लोखंडी पट्टी उघडी, आणि बरोबर तिथेच उजवी बाजू घासत गेली. कर्रर्र असा लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. बायको पुढे दोरी धरून उभी होती ती गुडघ्यावर पडली. तिला लागलं नाही हे नशीब.

बाहेरून बघितलं तर पाण्याच्या रेषेला लागून वीतभर ओरखडा. नखाने चाचपलं, खोल वाटला नाही, पॉलिशने जाईल म्हणालो आणि हिवाळ्यासाठी बोटीवर कव्हर घातलं. मार्चमध्ये बाहेर काढून एक चक्कर मारली तर बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या तळाशी, पाणी. फळी उचलून आत टॉर्च मारला तेव्हा दिसलं, ओरखड्याच्या बरोबर मागे तळहाताएवढं फायबर पांढरं पडलेलं. फायबरला मार बसला की ते आत दबतं आणि परत जागेवर येतं, बाहेर नुसती रेघ राहते पण आतले थर सुटलेले असतात. मला हे माहीत नव्हतं. आता लिहा तुम्ही.

रेवसची भरती

आमच्या मुंबईत तुमच्यासारख्या स्लिपा नाहीत, गेटवेसमोर बोट मूरिंगला, म्हणजे पाण्यातच एका ठरलेल्या जागी बांधलेली, असते आणि छोट्या होडीने जा-ये करायची. खरा प्रश्न पलीकडे अलिबागच्या बाजूला येतो, खाडीतल्या जुन्या जेट्ट्यांना बोट लावताना. पाणी उधाणाला चार मीटरच्या वर खालीवर होतं हे पुस्तकातून कळतं, अंगात मात्र एकदा दोर ताणला गेला की मुरतं.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. भर भरतीला पोचलो, बोट अगदी जेटीच्या कडेला आली, मुलं आपापली उतरली, आणि मी पुढचा-मागचा दोर छान घट्ट आवळून बांधला, गाडी पार्क करून हँडब्रेक लावावा तसा. मग सगळे जेवायला गेलो. ओहोटी पहिल्या तासात फारशी कळत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी अक्षरशः पळतं, आणि आम्ही परत आलो ते नेमके तेव्हा. बोट दोरांवर लटकलेली! मागचं क्लीट (दोर बांधायची खुंटी) डेकमधून बोल्टसकट अर्धं वर आलेलं, फेंडर (घासू नये म्हणून बाजूला टांगलेल्या फुगीर उशा) सगळे वर राहिलेले आणि उघडी बाजू जेटीच्या खांबाला घासतेय. त्या खांबांना कालवं चिकटलेली असतात, धार ब्लेडसारखी. शेजारच्या मचव्यावरचा म्हातारा तांडेल धावत आला, माझ्याकडे न बघताच कोयत्याने मागचा दोर तोडला आणि म्हणाला, "दोर जाऊ दे, बोट राहू दे." बोट धाडकन पाण्यात बसली. बाजूवर हाताच्या बोटाएवढ्या रुंद सात खाचा पडल्या होत्या, दोन फायबरपर्यंत गेलेल्या.

नंतर त्याने तासभर बसून शिकवलं. पुढचा दोर लांब पुढे न्यायचा, मागचा लांब मागे, आणि मधून दोन दोर तिरके उलट्या दिशांनी, म्हणजे बोट खालीवर होते पण पुढेमागे सरकत नाही. दोर जितका लांब तितकं पाणी उतरलेलं त्याला सोसतं. खांबाची जेटी असेल तर फेंडर एकेकटे सोडून उपयोग नाही, ते खांबाच्या बाजूला सरकतात, त्यांच्या बाहेरून आडवी फळी टांगायची. आणि उधाणाच्या दिवशी एक माणूस बोटीवर राहिलाच पाहिजे, त्याचा डबा तिथे पाठवायचा. त्या दिवसापासून आमच्यात कोण थांबणार हे निघायच्या आधी ठरतं.

शीड आणि चहा

साउथहॅम्प्टन. आम्ही तीन मैत्रिणींनी ३४ फुटी शिडाची बोट वीकेंडला भाड्याने घेतली होती. हॅम्बल नदीत मरीना एकाला एक लागून आहेत आणि पाणी सतत वाहतं असतं, भरतीला आत, ओहोटीला बाहेर. शिकवताना सांगितलेलं असतं की प्रवाहाकडे तोंड करून ये, म्हणजे इंजिन चालू ठेवूनही बोट जमिनीच्या हिशेबाने जवळजवळ उभी राहते आणि सुकाणू काम करतं. आम्हाला मिळालेली जागा उलट्या बाजूची. पाणी मागून ढकलत होतं, मी घाबरून जोरात रिव्हर्स दिला आणि तिचा मागचा भाग डावीकडे ओढला गेला. हा दोष नाही, बहुतेक शिडाच्या बोटींचा पंखा पुढे जाताना उजवीकडे फिरतो आणि रिव्हर्समध्ये शेपूट डावीकडेच जाते. मला ते माहीत होतं, त्या चार सेकंदांत आठवलं नाही. आमचा नांगर शेजारच्या गडद निळ्या बोटीच्या अंगावरून सरकत गेला. गडद रंगावर ते किती दिसतं सांगू, पांढरी रेघ, जवळजवळ दोन हात लांब.

बोटीवर कुणी नव्हतं. आजूबाजूलाही कुणी बघत नव्हतं. आम्ही आधी आमची नीट बांधली, मग फोटो काढले, आमचे, त्यांचे, दोन्ही बोटींच्या मधलं अंतर, घड्याळाची वेळ. चिठ्ठी लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या रेलिंगला बांधली, मरीनाच्या ऑफिसात जाऊन सांगितलं, ज्यांच्याकडून बोट घेतली त्यांना फोन केला. आमचं डिपॉझिट बरंचसं गेलं, बाकीचं विम्यातून झालं. मालक दुसऱ्या दिवशी सकाळी आले, सत्तरीचे गृहस्थ, खाली वाकून बराच वेळ त्या रेघेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, सांगितलंत म्हणून आभार. मला रडू आलं, तेव्हा पण आणि आत्ता लिहिताना पण.

चिकागो_नवीन

वाचतोय. एक विचारायचं होतं, अमेरिकेत आपटली तर पोलिसांना वगैरे कळवावं लागतं का? की फक्त इन्शुरन्स?

लॅनियरकाठी

हो, लागतं. नुकसान २००० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर फेडरल नियमाने लेखी रिपोर्ट द्यावा लागतो, नुसती मोडतोड असेल तर १० दिवसांत, कुणी जखमी होऊन उपचार घ्यावे लागले असतील तर ४८ तासांत. तो राज्याच्या बोटिंग खात्याकडे जातो. काही राज्यांत रक्कम याहून कमी आहे, तेव्हा आपल्या राज्याचा नियम बघून घे. आणि फायबरचं २००० व्हायला फार काही लागत नाही, माझ्या त्या वीतभर ओरखड्याचं एस्टिमेट त्याच्या वर गेलं.

मुळामुठा

माझी बोट म्हणजे रोइंगची, चार वल्हेकरी आणि एक कॉक्स, म्हणजे सुकाणू धरून हुकूम देणारा. मी कॉक्स. पुण्यात कॉलेजच्या बोट क्लबात होतो, रेगाटाला, म्हणजे बोटींच्या शर्यतींना, तीन आठवडे राहिले होते. या बोटींचं कवच इतकं पातळ की चुकीच्या जागी पाय ठेवला तर भोक पडतं, म्हणून आत कुठे पाय ठेवायचा हे पहिल्या दिवशी शिकवतात. धक्क्याला येताना त्या बाजूची वल्ही उचलून धक्क्यावरून जाऊ द्यायची आणि सगळ्यांनी किंचित पलीकडे कलायचं म्हणजे रिगर (वल्ही अडकवायचे बाहेर आलेले दांडे) आपटत नाहीत.

त्या संध्याकाळी नदीत जलपर्णी होती, एक गुंता तळाच्या फिनला (पातळ पंखाला) अडकला आणि सुकाणू अडलं. मी "होल्ड" ओरडायला उशीर केला. बोटीचं टोक घाटाच्या पायरीला लागलं, फार जोरात नाही. उलटी करून स्टँडवर ठेवली तेव्हा टोकापासून हातभर मागे केसासारखी चीर दिसली. मी तिच्यावरून ओला हात फिरवला, पाणी आत गेलं नाही असं वाटलं, आणि अंधार पडला होता म्हणून रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. उद्या सांगतो म्हणून घरी गेलो.

सकाळी साडेपाचला ज्युनियर मुलं तीच बोट घेऊन गेली. पुढचा कप्पा बंद असतो, त्यात पाणी भरत गेलं तरी वल्हवणाऱ्याला दिसत नाही कारण त्याची पाठ तिकडे असते. पुलाजवळ बोटीचं नाक पाण्याखाली गेलं. चौघं आणि कॉक्स, सगळ्यांना पोहता येत होतं, सेफ्टी लाँच मागेच होती, कुणाला काही झालं नाही. कॉक्स पहिल्या वर्षाची मुलगी होती, थंडीने तिचे ओठ निळे पडले होते. वीस वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हापासून माझ्या हातून काहीही आपटलं तरी मी त्याच मिनिटाला सांगतो.

ओंटारियोतला नारळ

लॅनियरकाठी, तुम्ही जॉर्जियात आहात म्हणून थोडक्यात निभावलं. टोरांटोत ऑक्टोबरात बोटी पाण्याबाहेर काढतात कारण पुढे सगळं गोठतं. चिरेत राहिलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि थर उकलत नेतं, मग उन्हात विरघळतं, अजून आत जातं, परत गोठतं. माझी चीर सप्टेंबरात चार इंच होती, एप्रिलमध्ये आतला सुटलेला भाग फूटभर झाला होता.

दुरुस्ती मी स्वतः केली, एका जुन्या बोटवाल्याच्या देखरेखीखाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी नाणं घेऊन सगळीकडे ठोकत जायचं. चांगलं फायबर टणटण वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं, पिकलेलं कलिंगड आणि कच्चं कलिंगड यातला फरक ज्याला कळतो त्याला हा पण कळतो. बद्द वाजेल तिथे पेन्सिलने खुणा करत जायचं, शेवटी कागदावर तळं काढावं तसा आकार तयार होतो. तो आकार बघून पोटात गोळा येतो, कारण तो चिरेपेक्षा नेहमी मोठा असतो. मग ग्राइंडरने सगळं खराब काढायचं आणि कडा एकदम उभी न ठेवता लांब उतार द्यायचा, जाडीच्या बारापट. म्हणजे पाव इंच जाडी असेल तर चारही बाजूंना तीन इंच उतार. माझा हात तिथे थांबत होता, चांगलं फायबर कशाला खायचं, पण नवीन थर त्या उतारावरच धरतात. पूर्ण बाह्या, मास्क, चष्मा हे सगळं घालाच, ती धूळ मनगटाला चार दिवस टोचते.

मग वाळू द्यायचं. लोक इथेच घाई करतात. मी हीटर आणि डीह्युमिडिफायर लावून तीन आठवडे थांबलो. ॲसिटोनने पुसलं, काचेचं कापड उतारात बसेल असं लहानमोठं कापून घेतलं, एपॉक्सी मोजून कालवलं, एकावर एक थर लावत रोलरने बुडबुडे काढले. बुडबुडा राहिला तर तिथे पाणी घर करतं. वरून फिलर, घासकाम, मरीन पेंट. रंग किंचित वेगळा दिसतो अजून, तिथे मी मुद्दाम हात फिरवतो येता-जाता.

मांडवीपार

गोव्याहून. पावसाळ्यात आमच्या बोटी जमिनीवर असतात आणि दुरुस्ती तेव्हाच काढाविशी वाटते, पण त्या दमट हवेत रेझिन नीट धरत नाही, कामगार पण नाही म्हणतो. आतून-बाहेरून घासून ठेवायचं, ताडपत्रीखाली हवा खेळती ठेवायची, आणि थर चतुर्थीनंतर उघडीप मिळाली की लावायचे. वरवरचा ओरखडा असेल तर नुसता जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत वरचा थर) भरता येतो, पण उघड्या हवेत तो वरून चिकट राहतो, म्हणून लावल्यावर त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद दाबून बसवायचा, मग कडक होतो. मग ४०० नंबरचा पॉलिशपेपर, ६००, १०००, पाणी मारत मारत.

बे ब्रिजखालून

सगळे बोटीबद्दल लिहितायत म्हणून मी पायाबद्दल लिहिते. सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये उन्हाळ्यात दुपारी वीस-पंचवीस नॉटचा वारा रोजचाच. धक्क्यापासून दहा फुटांवर इंजिन बंद पडलं, बोट आडवी सरकायला लागली आणि माझा भाऊ, तो नुकताच भारतातून आला होता, त्याने बोट वाचवायला म्हणून पाय बाहेर काढला. सात हजार पाउंड वजनाची बोट आहे. घोटा दोन ठिकाणी मोडला. बोटीच्या अंगाला काय झालं होतं? फेंडर होते, काळा डाग पडला, फडक्याने निघाला.

आता बोटीवर पहिल्यांदा येणाऱ्याला लाइफ जॅकेटच्याही आधी मी हे सांगते, की आपटत असेल तर आपटू दे, हात-पाय आत. एक जादा फेंडर दोरीसकट कुणातरी एकाच्या हातात देते, तो जिथे लागेल तिथे त्याने मध्ये घालायचा. त्याला काहीतरी काम असलं की तो पाय बाहेर काढत नाही.

लॅनियरकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. माझी बायको पुढे उभी होती तेव्हा तिचा हात रेलिंगच्या बाहेर होता, हे वरचं वाचल्यावर आज आठवलं. आम्ही दोघं त्यावर बराच वेळ बोललो. आता ती दोरी घेऊन मधल्या भागात उभी राहणार.

धक्क्याच्या त्या कोपऱ्यावर मी जाड रबर बोल्टने बसवलंय, शेजारच्या स्लिपवाल्याच्या कोपऱ्यालाही, त्याला विचारून.

आणि ओंटारियोकर, काल संध्याकाळी नाणं घेऊन ठोकत बसलो होतो. ओरखड्याच्या पुढे आणखी दीड फूट बद्द वाजतंय, पार खालच्या वळणापर्यंत. ज्याने एस्टिमेट दिलं होतं त्याने फक्त बाहेरचा भाग धरला होता. शनिवारी बोट ट्रेलरवर घेतोय, पेन्सिल आणली आहे.