‘ताण द्या’ आणि ‘ताण सोडा’, दोन्ही एकाच ओळीत?

रेघोटी:
सावकाश, लक्षपूर्वक करायच्या हालचालींची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. मान, खांदे, जबडा, पोट, पाय असे भाग आहेत आणि प्रत्येक भागात मनःस्थितीचा त्या अवयवाशी असलेला संबंध सांगितलाय. अडलंय ते ‘ताण’पाशी. मूळ मजकुरात टेन्शन, स्ट्रेच, स्ट्रेन, स्ट्रेस असे चार वेगळे शब्द आहेत आणि मराठीत चारही ठिकाणी हात ‘ताण’कडेच जातो. त्यातून हे वाक्य तयार झालं: ‘खांद्यातला ताण ओळखा, मानेला हलका ताण द्या, म्हणजे ताण जाईल.’ वाचणाऱ्याने नक्की काय करायचं? शिवाय ‘माइंडफुल’ला ‘जाणीवपूर्वक’ घातलंय, तेही खटकतंय.

तळटीप:
शरीराचा ‘ताण’ आणि मनाचा ‘तणाव’ अशी वाटणी करून टाका. ‘तणावपूर्ण शांतता’, ‘तणावमुक्त जीवन’ असं सगळेच लिहितात. वाचकाला समजेल.

अवग्रह:
‘कामाचा ताण’, ‘डोक्याला ताण’, ‘नात्यातली ताणाताणी’ हे सगळं मनाबद्दलच आहे. मग वाटणी कुठे राहिली? ‘तणाव’ हा हिंदी ‘तनाव’मधल्या ‘न’चा ‘ण’ करून आणलेला शब्द. मराठीत ‘तणावा’ होता, पण तो तंबूचा. राहुटी ज्या दोरांनी खुंट्यांना ताणून बांधतात ते तणावे. फारसीत ‘तनाब’ म्हणजे दोर, तिथून आलेला. मनासाठी तो उसना घ्यायची गरज नाही.

नीरक्षीर:
तंबूच्या दोरावरून मनाकडे जायला काय हरकत आहे? शब्द असेच तर सरकतात. संस्कृत ‘तन्’ म्हणजे पसरणं, ताणणं. ताण, गाण्यातली तान, तंतू, सगळे त्या एका धातूचे. ‘तणाव’ लोकांच्या तोंडी पक्का बसलाय, त्याला आता हिंदी म्हणून बाहेर काढता येणार नाही.

मणका:
व्युत्पत्ती चालू द्या, पण रेघोटी यांच्या वाक्यात जी चूक आहे ती वाचकाच्या मानेवर येईल, म्हणून आधी तिच्याबद्दल.

मूळ मजकुरात टेन्शन म्हणजे स्नायू आकुंचन पावून तसाच धरून राहणं. स्ट्रेच म्हणजे त्याला बाहेरून लांबवणं. दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत आणि मराठीत दोन्हींना ‘ताण’. स्नायूच्या आत लांबी मोजणारे सूक्ष्म संवेदक असतात. स्नायू झटक्यात लांबला की ते मज्जारज्जूला संदेश देतात आणि तोच स्नायू प्रतिक्षिप्तपणे आकसतो. आधीच आखडलेल्या मानेला ‘ताण द्या’ वाचून कुणी हाताने डोकं बाजूला ओढलं, तर मान अजूनच आवळते. म्हणून या पुस्तिकेत स्ट्रेचसाठी ‘लांबवणे’ वापरा, ‘ताण देणे’ नको.

अवग्रह:
आणि टेन्शनसाठी ‘आखडणे’, ‘आवळणे’. नामाचा हट्टच सोडा. मराठी हे क्रियापदांनी बोलते: मान धरली, पाठ आखडली, मुठी आवळल्या, दातखीळ बसली. कर्ता कोण आहे ते पाहा. मान धरते, आपण तिला धरत नाही.

तळटीप:
हीच तर अडचण आहे. ‘मान धरली’ म्हटलं की ती आपोआप झालेली आपत्ती वाटते. पुस्तिकेचा उद्देश नेमका उलटा असणार: आवळणारे तुम्हीच आहात, ते ओळखा.

मणका:
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. आवळणं चेतासंस्थेकडूनच होतं, पण बहुतेक वेळा नकळत. म्हणून ‘सैल करा’ या आज्ञेचा फारसा उपयोग होत नाही. ‘खांदे खाली घ्या’ म्हटलं की लोक खांदे खाली ओढतात. म्हणजे वरचा ट्रॅपेझियस (मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू) सुटत नाहीच, उलट पाठीतले खाली ओढणारे स्नायूही कामाला लागतात. ‘खांदे खाली येऊ द्या’ हे वेगळं. ‘करा’च्या जागी ‘होऊ द्या’ आलं की हातून होणारी कृतीच बदलते.

जबड्याचंही तसंच. ‘जबडा सैल सोडा’ वाचून लोक तोंड उघडून धरतात. विश्रांतीत ओठ मिटलेले असतात आणि वरच्या-खालच्या दातांत २ ते ४ मिलिमीटर फट असते. तेव्हा लिहा: ‘ओठ मिटलेले राहू द्या, दातांवर दात टेकू देऊ नका.’ यात ‘ताण’ शब्द लागलाच नाही.

रेघोटी:
हे फार उपयोगी आहे. पण भावनांच्या भागात ‘स्नायूंमध्ये साठलेल्या भावना मोकळ्या करा’ असं आहे. तिथे ‘साठलेल्या’ की ‘दबलेल्या’?

मणका:
मला दोन्ही नकोत. स्नायूत भावना साठत नाही. आकुंचनाचा आदेश चेतासंस्थेतून येतो आणि तो थांबला की स्नायू थांबतो. स्नायू सैल करण्याची पद्धत बसवणारे अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी स्नायूंतली विद्युत क्रिया मोजून हेच दाखवलं: पूर्ण विसावलेल्या स्नायूत ती जवळजवळ शून्यावर येते. ‘साठलेलं’ म्हटलं की वाचक पिळून काहीतरी बाहेर काढायला बघतो, जोर लावतो, रडू आलं नाही तर आपलं काही चुकलं असं समजतो. ‘सवयीने आवळलेले’ म्हणा.

नीरक्षीर:
पण भावना आणि अंग यांचा संबंध भाषेने कधीच मान्य केलाय. रागाने दातओठ खातो, भीतीने अंग चोरतो, दुःखाने गळा दाटतो, धक्क्याने हातपाय गळतात. योगसूत्रांत चित्तविक्षेपाच्या, म्हणजे मन विचलित होण्याच्या, सोबत्यांची यादीच आहे (१.३१): दुःख, दौर्मनस्य म्हणजे मनाची खिन्नता, अंगमेजयत्व म्हणजे अंगाला सुटणारा कंप, आणि श्वास-प्रश्वास. मन, स्नायू आणि श्वास एका सूत्रात बसवलेत. आणि २.४७ मध्ये ‘प्रयत्नशैथिल्य’ आहे. रिलॅक्सेशनला याहून नेमका शब्द मिळणार नाही.

तळटीप:
‘प्रयत्नशैथिल्य’ वाचायलाच प्रयत्न लागतो. पुस्तिका सामान्य माणसासाठी आहे.

अवग्रह:
शिवाय ‘शैथिल्य’ला आता दोष चिकटलाय, कामातलं शैथिल्य, शिस्तीतलं शैथिल्य. ‘ढिला’ही त्या ‘शिथिल’चाच प्राकृतातून आलेला वंशज, आणि त्याचीही तीच गत: ‘ढिला कारभार’. ‘सैल’ अजून निर्मळ आहे.

नीरक्षीर:
‘सैल जिभेचा’ विसरलात.

मणका:
‘दचकणे’ या शब्दाचा त्या भागात जरूर उपयोग करा. लँडिस आणि हंट या मानसशास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्याने दचकण्याचा क्रम टिपला (त्यांचं पुस्तक १९३९चं): आधी पापण्या मिटतात, मग डोकं पुढे येतं, खांदे उचलून पुढे वळतात, कोपरं दुमडतात, पोट आवळतं, गुडघे किंचित वाकतात. सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत. सततच्या काळजीत हेच रूप सौम्यपणे टिकून राहिलेलं दिसतं. हा क्रम दिला की वाचक स्वतःच्या अंगावर एकेक जागा तपासू शकतो.

रेघोटी:
घेते. ‘माइंडफुल’चं काय?

तळटीप:
‘जाणीवपूर्वक’ चालणार नाही. ‘जाणीवपूर्वक दुर्लक्ष केले’ म्हणजे मुद्दाम केले. ‘जाणीवपूर्वक हालचाल’ म्हणजे मुद्दाम केलेली हालचाल.

नीरक्षीर:
‘सावध’? किंवा ‘सजग’?

अवग्रह:
‘सावधान’ म्हटलं की मराठी माणूस टाचा जुळवून ताठ उभा राहतो, आणि सैल व्हायला पुढच्या ‘विश्राम’ची वाट पाहतो. ‘सजग’ पहाऱ्यावरचा. दोन्ही शब्द अंग ताठ करणारे आहेत. ‘भान ठेवून’ बरं.

मणका:
‘भान ठेवून’ला माझं मत. त्यात जोर कमी आहे आणि तेच हवंय. हालचालींतून शिकवण्याची स्वतःची पद्धत काढणारे मोशे फेल्डेनक्राइस यांचा सगळा भर यावर होता: वेबरच्या नियमानुसार ओझं जितकं मोठं, तितका फरक कळायला तो मोठा असावा लागतो. जोर लावून मान फिरवली तर बारीक अडखळ कळणारच नाही. म्हणून हालचाल लहान ठेवायची, दुखण्याच्या बरीच आधी थांबायचं आणि दोन आवर्तनांमध्ये हात पूर्ण टेकवून थांबायचं.

नीरक्षीर:
एक शब्द सुचवतो: ‘आळोखेपिळोखे’. झोपेतून उठताना आपण अंग आधी आवळतो, मग सोडतो. यासाठी इंग्रजीत जड वैद्यकीय शब्द आहे, आपल्याकडे घरचा.

मणका:
उत्तम, आणि व्यायामाचा क्रमही तोच आहे. खांद्यांसाठी असं लिहा: दोन्ही खांदे साधारण पाव जोराने कानांकडे उचला. ५ ते ७ सेकंद तसेच ठेवा, श्वास चालू राहू द्या. मग त्याच्या दुप्पट वेळ घेऊन खाली येऊ द्या. नंतर दोन-तीन श्वास काहीच करू नका. चुका ठरलेल्या असतात. श्वास रोखणं, खांद्यांबरोबर दात आवळणं आणि शेवटी खांदे धप्पकन टाकणं. टाकले की सुटण्याची वाट कळत नाही आणि थोड्या वेळात ते परत वर जातात. रक्तदाब असलेल्यांनी श्वास रोखून जोर लावायचाच नाही. आणि डोळे मिटून अंगाकडे लक्ष दिल्यावर काहींची धडधड वाढते. त्यांना डोळे उघडे ठेवून फक्त हाताच्या बोटांपासून सुरुवात करू द्या.

तळटीप:
पण ‘आळोखेपिळोखे’त आळस आहे. व्यायामाच्या पुस्तिकेत आळस कोण मनावर घेईल?

अवग्रह:
मग ‘आळेपिळे’ घ्या.

रेघोटी:
पोटरीच्या भागात ‘क्रॅम्प’ आहे. ‘पेटका’ की ‘गोळा’?

मणका:
‘पेटका’. आणि सूचनाही तपासा: पाऊल पुढे ताणून पोटरी आवळायला सांगितलं असेल तर पेटका येऊ शकतो. बोटं स्वतःकडे वळवायला सांगा आणि ५ सेकंदांच्या वर नको.

नीरक्षीर:
पण ‘गोळा’ मला जास्त आवडतो. पोटरीतही गोळा येतो आणि भीतीने पोटातही. जे या पुस्तिकेला सांगायचंय ते एका शब्दात आहे.

मणका:
पोटातला गोळा पोटरीसारखा नाही. तिथे पोटाची भिंत आवळते, श्वास वरवर होतो आणि आतड्यांची हालचाल बदलते, ती तर आपल्या हुकमाची नाहीच.

अवग्रह:
अनुभव एकच असेल तर शब्द एक का नको?

मणका:
कारण उपाय वेगळा आहे. पोटरी लांबवता येते. पोटातल्या गोळ्यासाठी उच्छ्वास लांब करावा लागतो.

तळटीप:
‘लांब करावा लागतो’ की ‘लांबू द्यावा लागतो’?