चेक इंजिनचा दिवा इंजिन तापल्यावरच लागतो : ऑक्सिजन सेन्सर बदलावा का?

सावकाश_स्वार :

माझी मोटरसायकल एका सिलिंडरची, फ्युएल इंजेक्शनची आणि हवेने थंड होणारी आहे. गेल्या काही आठवड्यांपासून मीटरमधला पिवळा चेक इंजिनचा दिवा लागू लागला आहे, पण त्याची वेळ मला चमत्कारिक वाटते. चावी फिरवल्यावर तो लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो, म्हणजे इथवर सारे नेहमीप्रमाणे आहे. गार इंजिनावर तो कधीच लागत नाही. मात्र इंजिन व्यवस्थित तापून मी काही अंतर एकाच वेगाने गेलो की तो लागतो आणि चावी बंद करेपर्यंत तसाच राहतो. गाडी मिसिंग करत नाही, पिकअपही ठीक आहे, फक्त अ‍ॅव्हरेज थोडे उतरले आहे.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला असता पी ०१३१ हा कोड मिळाला आणि ‘ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलावा लागेल’ असे सांगण्यात आले. जळालेल्या वायूतला प्राणवायू मोजणारा हा सेन्सर स्वस्त नाही आणि विजेचा सुटा भाग एकदा घेतला की दुकानदार परत घेत नाही, म्हणून निर्णयाआधी विचारतो आहे. केवळ कोडवरून सेन्सर खराब आहे असे म्हणता येते का? माझ्याकडे मल्टिमीटर आहे; त्याने घरी काय तपासता येईल? आणि तोवर गाडी चालवावी का? उपयोगी पडेल म्हणून सांगतो की दिवा लागू लागण्याच्या थोडेच आधी मागच्या चाकाच्या कामासाठी सायलेन्सर आणि बेंड पाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची नळी) उतरवून पुन्हा बसवले होते.

वेगेवेगे :

इतका विचार कशाला? बॅटरीची वायर रात्रभर काढून ठेवावी, सकाळी दिवा गेलेला असेल. पुन्हा आलाच तर सेन्सर बदलून टाकावा.

तारतम्य :

वरील सल्ल्याशी मी सहमत नाही. बॅटरी काढल्याने फार तर नोंद पुसली जाते, बिघाड जागेवरच राहतो. काही गाड्यांत तर नोंदही पुसली जात नाही, कारण ती कायमस्वरूपी मेमरीत असते. शिवाय दिवा लागला त्या क्षणी इंजिनाचे तापमान, आरपीएम आणि थ्रॉटलची स्थिती काय होती हे पुष्कळ ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारे संगणक) कोडसोबत साठवून ठेवतात, आणि निदानासाठी तोच सर्वांत मोलाचा ऐवज असतो. तो आपल्याच हाताने घालवू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. पी ०१३१ चा अर्थ ‘सेन्सर खराब आहे’ असा नाही. ‘पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटमधून येणारे व्होल्टेज अपेक्षेपेक्षा कमी आहे’ एवढेच तो सांगतो. नेहमीचा झिर्कोनियाचा सेन्सर तापला की सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्ट या मर्यादेत वरखाली होत राहतो. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर व्होल्टेज वर जाते, हवा जास्त असेल तर खाली येते आणि मधली रेषा ०.४५ च्या आसपास असते. ते सतत खालीच राहण्याची कारणे चार संभवतात. सेन्सर खरोखर मेलेला असेल. त्याची सिग्नलची तार कुठेतरी इंजिनाच्या धातूला टेकून अर्थ होत असेल. सेन्सरपर्यंत बाहेरची हवा पोचत असल्यामुळे तो फसत असेल. किंवा मिश्रणात खरोखरच हवा जास्त असेल आणि सेन्सर खरे बोलत असेल. या चारांपैकी नवा सेन्सर फक्त पहिल्यावर इलाज आहे.

दिवा तापल्यावरच का लागतो, याचेही उत्तर इथेच आहे. हा सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्याशिवाय भरवशाचा सिग्नल देत नाही, म्हणून तोवर ईसीयू त्याच्याकडे लक्षच देत नाही आणि साठवलेल्या कोष्टकावरून पेट्रोल सोडतो. इंजिन तापले आणि वेग स्थिर झाला की तो सेन्सरचे ऐकू लागतो आणि मगच त्याला तक्रार करायला जागा मिळते. त्यामुळे तुम्ही वर्णन केलेली वेळ कोडशी तंतोतंत जुळते. पण ती वरच्या चारही कारणांशी सारखीच जुळते, हे विसरता कामा नये.

माझा संशय अर्थातच नुकत्याच उतरवलेल्या बेंड पाइपवर आहे. जिथे हात लागला तिथून तपासाला सुरुवात करावी : सिलिंडर हेडजवळचा गॅस्केट, सेन्सरची तार कुठून नेली आहे, ती धरून ठेवणारी क्लिप जागेवर आहे का आणि कपलर (तारांचा जोड) पूर्ण बसला आहे का. सेन्सरला किती तारा आहेत तेही पाहावे. लहान इंजिनांवर पुष्कळदा एकाच तारेचा सेन्सर असतो आणि त्याचे अर्थिंग बेंड पाइपमधून होते. चार तारांचा असेल तर त्यातल्या दोन आतल्या हीटरच्या असतात. एक सावधगिरी मात्र बाळगावी : सेन्सरच्या सिग्नलच्या तारेवर मल्टिमीटर ओहमवर ठेवून लावू नये. मीटर स्वतःचा प्रवाह आत सोडतो आणि त्याने सेन्सरला इजा होऊ शकते.

धूरनळी :

तारतम्य यांनी सांगितलेल्या तिसऱ्या कारणाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण ते सर्वांत जास्त वेळा निसटते. सायलेन्सर लीक असेल तर धूर बाहेर जाईल, हवा आत कशी शिरेल, असा प्रश्न साहजिक आहे. पण पाइपमधून जळालेला वायू सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने जातो आणि प्रत्येक धक्क्यामागे क्षणभर दाब वातावरणापेक्षा कमी होतो. त्या क्षणी गॅस्केटच्या बारीक फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला त्यात प्राणवायू दिसतो आणि तो ‘पेट्रोल कमी आहे’ असे कळवतो. ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवत राहतो, तरी सेन्सरचे म्हणणे बदलत नाही, आणि अखेर दिवा लागतो. अ‍ॅव्हरेज उतरण्याचे कारणही हेच असू शकते.

फट शोधायची तर इंजिन पूर्ण गार असताना सुरू करावे, जाड ओले फडके सायलेन्सरच्या तोंडाशी क्षणभर धरावे आणि हेडच्या जोडाजवळ फटफट असा बारीक आवाज येतो का ते ऐकावे. जोडाभोवती काजळीची काळी रेघ दिसली तर आणखी पुरावा शोधण्याची गरजच नाही. काही गाड्यांत प्रदूषण कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये मुद्दाम ताजी हवा सोडणारी झडप असते. ती उघडी राहून अडकली तरी हाच परिणाम दिसतो.

स्पार्क प्लगही अवश्य काढून पाहावा, कारण मिश्रण खरे कसे आहे ते तो सांगतो. टोक पांढुरके दिसले तर हवा खरोखर जास्त आहे, आणि मग इनटेकच्या रबरी जोडातील गळती, पेट्रोलचा कमी दाब किंवा तुंबलेला इंजेक्टर यांकडे वळावे. टोक कोरडे, काळे आणि काजळलेले असेल तर प्रत्यक्षात पेट्रोल जास्त जळते आहे आणि तरीही सेन्सरकडून ‘कमी आहे’ अशी बातमी येते आहे. म्हणजे सेन्सर, त्याची तार किंवा एक्झॉस्टची फट यांपैकी कोणीतरी खोटे बोलत आहे.

किल_स्विच :

गाडी चालवण्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. दिवा पिवळा आणि स्थिर असेल व इंजिन सुरळीत असेल तर जपून चालवायला हरकत नाही. ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल अविश्वसनीय ठरला की ईसीयू तो बाजूला ठेवून ठरलेल्या कोष्टकावर गाडी चालवतो. मात्र मिसिंग सुरू झाले, सायलेन्सरमधून फटके येऊ लागले किंवा इंजिन आपोआप बंद पडू लागले, तर थांबावे. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो भाजून निघतो. तेलाच्या दाबाचा लाल दिवा ही पूर्ण वेगळी बाब आहे, तो लागला की इंजिन तत्काळ बंद करावे.

ज्यांच्याकडे स्कॅनर नाही त्यांच्यासाठी एक माहिती : काही गाड्यांत हाच दिवा लुकलुकून कोड सांगतो. होंडाच्या अनेक मोटरसायकलींवर लांब लुकलुक म्हणजे दहा आणि आखूड म्हणजे एक. दोन लांब आणि एक आखूड म्हणजे २१, तो ऑक्सिजन सेन्सरचा. इतर कंपन्यांची कोष्टके वेगळी असतात, त्यामुळे आपल्या गाडीची सर्व्हिस मॅन्युअल पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये.

सावकाश_स्वार :

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले. प्लगचे टोक कोरडे आणि काळे आहे. हेडजवळच्या जोडाभोवती काजळी नाही आणि आवाजही येत नाही. सेन्सर एकाच तारेचा आहे. त्याच्या कपलरपासून ईसीयूकडे जाणारी तार फ्रेमला धरून ठेवणारी क्लिप गायब आहे, त्यामुळे तार खाली ओघळून बेंड पाइपच्या वळणावर टेकली आहे. तिथे वरचे काळे आवरण कडक होऊन काचेसारखे तडकले आहे आणि आतल्या तारेचे प्लास्टिक वितळून साधारण तांदळाच्या दाण्याएवढे तांबे उघडे पडले आहे. पाइपवर त्याच जागी वितळलेल्या प्लास्टिकचा तपकिरी डाग आहे.

चावी बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, सेन्सर आणि ईसीयू या दोन्हीकडचे कपलर सोडवले आणि मधल्या तारेचे एक टोक व इंजिनाचा धातू यांच्यात मल्टिमीटर लावला. तार मोकळी धरली की काहीच जोड दाखवत नाही. पाइपवर दाबली की मीटर लगेच वाजतो. आता दोन शंका आहेत. तार डाग देऊन (सोल्डर करून) जोडावी का? आणि दुरुस्तीनंतर दिवा आपोआप जाईल का?

तारतम्य :

उत्तम तपास केलात. एक तारेचा सेन्सर असल्याने सिग्नल पाइपला टेकला की व्होल्टेज सरळ शून्याकडे जाते, त्यामुळे पी ०१३१ येणे क्रमप्राप्तच होते.

खराब झालेला भाग कपलर आणि ईसीयू यांच्या मधला आहे, त्यामुळे काम सोपे आहे. भाजलेला तुकडा कापून टाकावा, त्याच जाडीची, उष्णता सोसणारी तार घालून दोन्ही टोके क्रिंप करावीत (धातूच्या नळीत घालून दाबून घट्ट करावीत) आणि वर चिकट अस्तर असलेली हीट श्रिंक नळी चढवावी. डाग दिला तरी चालेल, परंतु डाग जिथे संपतो तिथे तार ताठ होते आणि गाडीच्या कंपनांनी नेमकी तिथेच तुटते, म्हणून मी क्रिंपला प्राधान्य देतो. हीच जखम सेन्सरच्या स्वतःच्या शेपटीवर असती तर मात्र डाग कटाक्षाने टाळायला सांगितले असते, कारण अनेक सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारेच्या धाग्यांमधूनच आत जाते आणि डागाने ती वाट बुजते. याच कारणासाठी त्या कपलरमध्ये ग्रीस भरू नये, इतर कपलरांना ते कितीही हितकारक असले तरी. नवी क्लिप लावून तार पाइपपासून दूर बांधावी आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती ताणली जात नाही ना ते पाहावे.

दिव्याविषयी : ओबीडी प्रणालीत (गाडीची स्वतःचे बिघाड शोधणारी व्यवस्था) साधारणतः सलग तीन फेऱ्यांत बिघाड आढळला नाही की दिवा विझतो, आणि साठवलेला कोड त्यानंतर ४० वेळा इंजिन गार होऊन तापले की पुसला जातो. वाट पाहायची नसेल तर स्कॅनरने कोड पुसून घ्यावा. मात्र कोड पुसल्यावर गल्लीत एक चक्कर मारून समाधान मानू नये. इंजिन पुरते तापून एकाच वेगाने काही वेळ चालल्याशिवाय ईसीयू ही तपासणी करतच नाही. त्याच वेळी स्कॅनरवर सेन्सरचा आकडा पाहावा. तो ०.१ आणि ०.९ च्या दरम्यान सतत झुलत असेल तर जुना सेन्सर शाबूत आहे. आकडा तरीही खालीच चिकटून राहिला तर एकदा अधिक पेट्रोलच्या स्थितीत, म्हणजे थ्रॉटल झपकन उघडताना, तो वर उसळतो का ते पाहावे. तेव्हाही हलला नाही तर मग सेन्सर विकत घ्यावा.