लिझी बोर्डनवर मराठी एकपात्री: साक्ष, घर आणि कुऱ्हाड कशी उभी करायची?

तिसरी_घंटा

लिझी बोर्डनवर एकपात्री बसवायचं चाललंय. पहिला खर्डा तयार आहे. मध्यंतर न घेता ७५ मिनिटं. प्रायोगिक मंच, खेळायची जागा १६ फूट बाय १२ फूट, दिवे दहा-बारा.

प्रकरण माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: मॅसॅच्युसेट्समधलं फॉल रिव्हर हे गिरणगाव, ४ ऑगस्ट १८९२. सकाळी साडेनऊच्या सुमारास सावत्र आई अ‍ॅबी आणि अकराच्या सुमारास वडील अँड्र्यू, दोघंही राहत्या घरात कुऱ्हाडीच्या घावांनी मेले. घरात तेव्हा ३२ वर्षांची लिझी आणि मोलकरीण ब्रिजेट सलिव्हन एवढ्याच होत्या. लिझीला अटक झाली. जून १८९३ मध्ये न्यू बेडफर्डला खटला चालला आणि ज्युरीने दीडेक तासात तिला निर्दोष सोडलं. खुनी कोण ते कोर्टात कधीच सिद्ध झालं नाही.

अडचणी अशा:
१. खर्ड्यात वकील, ब्रिजेट, डॉक्टर, शेजारीण सगळे मीच करतेय. वाचनातच टेनिसची मॅच वाटते.
२. त्या विचित्र घराचा नकाशा प्रेक्षकाला कळल्याशिवाय संशय उभाच राहत नाही. सेटला पैसे नाहीत.
३. कुऱ्हाड दाखवू का?
४. तिने केलं की नाही, हे नाटकाने सांगायचं का?

---

जुनी_दप्तरं

सगळी पात्रं करण्याचा हट्ट आधी सोडा. खटल्यात लिझी साक्षीला उभीच राहिली नाही. शेवटी मी निर्दोष आहे आणि बाकीचं माझे वकील बोलतील, एवढंच ती कोर्टात बोलली. तिचं स्वतःचं शपथेवरचं बोलणं सापडतं ते फक्त अटकेआधीच्या चौकशीत, ९ ते ११ ऑगस्ट १८९२. सरकारी वकील होजिया नोल्टन प्रश्न विचारतायत, तिच्या बाजूला वकील नाही आणि डॉक्टरांनी दिलेलं मॉर्फिन अंगात आहे. तुमच्या नाटकाचा कणा हाच.

त्या जबानीत नाट्य आयतं आहे. वडील घरी आले तेव्हा तू कुठे होतीस? आधी स्वयंपाकघरात, मासिक वाचत. मग वर, खोलीत. मग जिन्यावर, खाली येताना. मग परत स्वयंपाकघरात. नोल्टन तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात आणि ती दर वेळी वेगळ्या पायरीवर सापडते.

पुढचा मुद्दा बहुतेक संहितांमध्ये वाया जातो. वकिलाविना घेतलेली ही जबानी कोर्टाने पुराव्यातून वगळली. आदल्या दिवशी, ३ ऑगस्टला, सीलच्या कातड्याची केप साफ करायची म्हणून ती प्रुसिक अ‍ॅसिड हे जहाल विष मागायला आली होती, असं सांगणाऱ्या औषधवाल्याची साक्षही वगळली. म्हणजे पहिली ४५ मिनिटं प्रेक्षकाने जे ऐकलं ते ज्युरीतल्या १२ पुरुषांनी ऐकलंच नव्हतं. तिथे थांबून प्रेक्षकाला सांगा: आता हे सगळं बाजूला ठेवा आणि उरलेल्यावर निकाल द्या. चौथ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

आपल्याकडे ज्युरी म्हटलं की लोकांना नानावटी खटला आठवतो, तेव्हा समजवायला दोन वाक्यं पुरतील. त्याहून जास्त कोर्टाची शिकवणी नको.

हक्कांचं: १८९२-९३ ची जबानी आणि साक्षी सगळ्यांना खुल्या आहेत. मात्र नंतरच्या लेखकांनी रचलेले प्रसंग, तर्क आणि संवाद त्यांचेच. एखाद्या इंग्रजी नाटकाचा सांगाडा उचलणार असाल तर आधी लेखी परवानगी घ्या.

---

विंगेतली_खुर्ची

टेनिस थांबवायचा उपाय: प्रश्न बोलायचेच नाहीत. नोल्टनची जागा पक्की करा, शेवटच्या रांगेच्या डाव्या टोकाला डोक्यापेक्षा वीतभर वर. नजर फक्त तिथे. प्रश्न उत्तरात मुरवा: "किती वाजता? ...नऊ. नऊ वाजले असतील." दहातले आठ प्रश्न असे मुरतात. उरलेल्या दोनांना नुसती शांतता द्या, प्रेक्षक प्रश्न स्वतः भरतो. ब्रिजेट एकदाच करा, तीही पाठमोरी, कुलूप उघडताना.

शब्दांचा हिशोब बघा. मिनिटाला १०० ते ११० शब्द धरले तर ७५ मिनिटांत आठेक हजार बसतात, पण मग श्वासाला जागा राहत नाही. संहिता ६००० च्या आत आणा.

घरासाठी सेट नको, चाव्या हव्यात. त्या घराला बोळ नव्हता, एका खोलीतून दुसरीत जायचं. पुढच्या जिन्याने वर गेलं की लिझीची खोली आणि पाहुण्यांची खोली, जिथे अ‍ॅबी मेली. आईवडिलांची खोली मागच्या जिन्याने. मधलं दार दोन्हीकडून बंद. १८९१ मध्ये घरात दिवसाढवळ्या चोरी झाल्यावर अँड्र्यू आपल्या खोलीला कुलूप लावून चावी बैठकीतल्या फडताळावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवायचा. घर कसलं होतं ते या एका चावीत आलं.

जमिनीवर पांढऱ्या कापडी टेपने पाच चौकोन आखा (चकचकीत टेप नको, दिव्यात चमकते आणि लांब परकराला चिकटून उखडते). पहिल्या दहा मिनिटांत लिझी सकाळची कामं करत घरभर फिरते आणि प्रत्येक रेघेवर थांबून कुलूप उघडते, लावते. तोंडाने नकाशा सांगू नका. तिसऱ्या कुलपापर्यंत प्रेक्षकाला कळलेलं असतं की बाहेरचा माणूस इथे दीड तास लपणं किती अवघड. नियम एकच: रेघ कधीही तुडवायची नाही. एकदा विसरून भिंतीतून गेलात की घर मोडलं.

हातातलं काम म्हणजे रुमाल. त्या सकाळी ती रुमालांना इस्त्री करत होती, आठ-दहा. आठ घ्या. जुनी भरीव लोखंडी इस्त्री मिळवा, थंडच वापरा. पाठांतरातला सगळ्यात मोठा धोका हे रुमाल टाळतात. जबानीत तोच प्रश्न चारदा येतो, त्यामुळे दहाव्या पानावरून तिसाव्यावर उडी पडते आणि एकपात्रीत सावरायला समोर कोणी नसतं. दर आवृत्तीला एक रुमाल बांधून टाका: "स्वयंपाकघरात" पहिला, "वर" तिसरा, "जिन्यावर" चौथा, "परत स्वयंपाकघरात" सहावा. घडी केलेल्यांची चळत बघितली की कुठे आहात ते कळतं. विंगेतल्या माणसालाही कळतं.

आणखी एक. कोठाराच्या माळ्यावर गळाला लावायचं शिसं शोधत होते आणि तिथे तीन नाशपाती खाल्ल्या, असं ती सांगते. मंचावर खाणार असाल तर एकच, पिकलेली, एकच लहान घास. करकरीत नाशपातीचा रवा घशात बसतो आणि पुढची दोन पानं खोकल्यात जातात. गिळल्याशिवाय बोलू नका. ती गिळेपर्यंतची शांतता खूप उपयोगी आहे.

---

अनुस्वार

खर्डा इंग्रजीतून उतरवलेला असणार, म्हणून भाषेबद्दल. इंग्रजीत नसलेली दोन हत्यारं मराठीत आहेत.

पहिलं म्हणजे अगं-अहो. १८८७ च्या सुमारास वडिलांनी अ‍ॅबीच्या सावत्र बहिणीच्या घरातला हिस्सा विकत घेऊन अ‍ॅबीच्या नावे केला. त्यावरून बिनसलं आणि लिझी तिला 'मदर' म्हणायची थांबली, 'मिसेस बोर्डन' म्हणू लागली. इंग्रजीत फक्त संबोधन बदलतं. मराठीत सगळं वाक्य बदलतं. "आई, तू जेवलीस का?" ते "मिसेस बोर्डन, तुमचं जेवण झालं?" आपल्या कानाला मान वाढल्याने आलेला दुरावा लगेच कळतो. हे दोनदाच वापरा, खुलासा न करता. ब्रिजेटला लिझी आणि तिची थोरली बहीण एमा आधीच्या मोलकरणीच्या नावाने 'मॅगी' म्हणायच्या. तिला "ए मॅगी" एवढंच.

दुसरं म्हणजे क्रियापदाचं शेपूट. "मी खाली होते", "मी खाली असेन", "मी खाली असले पाहिजे". पहिली आठवण, दुसरा अंदाज, तिसरा बचाव. पहिल्या दिवशीच्या जबानीत "होते" जास्त ठेवा, तिसऱ्या दिवशी "असेन". प्रेक्षकाला नेमकं काय बदललं ते सांगता येणार नाही, पण पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटेल. खर्ड्यात प्रत्येक "आय थिंक"चं "मला वाटतं" केलं असेल तर सगळं खोडा. ते वकिली वाटतं.

पोरींच्या दोरीउड्यांचं लिझीवरचं ते गाजलेलं बडबडगीत सुरुवातीला नको. त्यात आईला ४० आणि बापाला ४१ घाव आहेत. प्रत्यक्षात अ‍ॅबीवर १८-१९ आणि अँड्र्यूवर १०-११. गीत आधी आलं तर प्रेक्षक निकाल घेऊनच बसतो. हवंच असेल तर शेवटी दोरी जमिनीवर आपटल्याचा नुसता ठेका द्या.

---

तिसरी_घंटा

रुमालांची कल्पना उचलली! "मला वाटतं" मोजले, ६३ निघाले. कुऱ्हाडीवर अजून कोणी बोललं नाही.

---

डिमर_चार

कुऱ्हाड आणू नका. सरकारी पक्षालाही ती धड दाखवता आली नाही. तळघरात दांडा मोडलेलं एक पातं सापडलं, तेच हत्यार हे काही पक्कं झालं नाही. तुम्ही अख्खी कुऱ्हाड आणलीत तर पुरावा तुम्हीच पुरवल्यासारखं होईल.

त्याऐवजी कवट्या. अ‍ॅबी आणि अँड्र्यूच्या कवट्या कोर्टात पुरावा म्हणून आणल्या होत्या. दुसरे सरकारी वकील विल्यम मूडी यांच्या पहिल्याच भाषणात त्यांनी पुराव्यातला एक ड्रेस टेबलावर टाकला. कवट्यांवरचा पातळ कागद त्याने सरकला, उघड्या पडलेल्या कवट्या लिझीला दिसल्या आणि तिला भोवळ आली. मंचावर फक्त टेबल, त्यावर पातळ कागदाखाली दोन उपडी वाडगी. झगा टाकायचा, कागद सरकवायला काळ्या दोऱ्याची मदत घ्यायची. कागद पतंगाचा घ्या, बटर पेपर जड पडतो आणि हलत नाही. पंखे बंद, नाहीतर कागद दहाव्या मिनिटालाच उडेल.

जाळलेल्या झग्याचं: खुनांनंतरच्या रविवारी, ७ ऑगस्टला, तिने एक निळा झगा चुलीत घातला. रंगाचे डाग पडले होते म्हणे. मैत्रीण अ‍ॅलिस रसेलने ते पाहिलं आणि पुढे तशी साक्ष दिली. सभागृहात खरी आग चालत नाही. काळ्या पेटीत अंबर एलईडी, दोन वाहिन्या, एक स्थिर आणि एक हळू लुकलुकती. कापड सुती आणि आधीच उसवलेलं, म्हणजे फाडताना आवाज येतो पण जोर लागत नाही. झग्याच्या पट्ट्या एकेक करून पेटीत जाऊ द्या. प्रयोगागणिक एक झगा संपतो, खर्चात धरा.

लाल दिवा कुठेही नको. तिच्या खोलीत उजवीकडून उन्हाचा एकच पिवळसर झोत, कोर्टात वरून पांढरा, बास.

माइक लावणार असाल तर कॉलरला नको. त्या काळचा उंच ताठ गळा घासून खरखर येते. केसांच्या रेषेवर लपवा. बॅटरीची डबी कंबरेला लावली तर कॉर्सेट दाबतो, मांडीला पट्ट्याने बांधा. बाह्या खांद्यावर थोड्याच फुगलेल्या ठेवा, ते मोठे फुगे दोन-तीन वर्षांनी आले.

---

विंगेतली_खुर्ची

चौथ्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं. नाटकाने सांगू नये, पण करणारीला माहीत हवं. सबंध नाटकाचं नाही, एका जागेचं: जिन्यावरच्या हसण्याचं. पावणेअकराच्या सुमारास अँड्र्यू परत आला, पुढचं दार आतून जास्तीच्या कड्यांनी बंद होतं, ब्रिजेट झटापट करताना वैतागून काहीतरी पुटपुटली आणि वरून लिझी हसली, अशी ब्रिजेटची साक्ष आहे. तेव्हा अ‍ॅबी वर मरून पडली होती. ते हसणं ब्रिजेटच्या फजितीला आहे की आणखी कशाला, ते तालमीतच ठरवा, कोणाला सांगू नका आणि प्रयोगागणिक बदलू नका. लांब, खलनायकी हसू अजिबात नको. नाकातून सुटलेलं, अर्ध्या सेकंदाचं.

---

जुनी_दप्तरं

महाराष्ट्रात तिकीट लावून करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांच्या संहिता तपासणारं सरकारी मंडळ) वेळेवर द्या. कापलेली ६००० शब्दांचीच द्या, खर्डा नव्हे, कारण नंतर संवाद बदलले की परत फेरी. अमेरिकेतल्या मराठी मंडळासाठी करणार असाल तर मात्र माहितीचा पहिला परिच्छेद उडवा. मॅसॅच्युसेट्समध्ये तर ही गोष्ट शाळकरी पोरांनाही पाठ असते, थेट पहिल्या कुलपापासून सुरू करा.