‘बुरशी’ लिहू की ‘कवक’?

अनुवादिका, फोंडा: मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. ‘फुफ्फुसात बुरशीचा संसर्ग’ हे शेजारच्या काकींना वाचून दाखवलं. त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, “बुरशी म्हणजे घाणेरडी ना गो? दुसऱ्याचं मूत्रपिंड घेतलं म्हणून आत घाण झाली, असंच वाटणार त्याला.” कोकणीतलं ‘बुरशें’, म्हणजे घाणेरडं, माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ‘कवक’ लिहू का?

निवृत्त शिक्षक, डिचोली: बाय, कवक विश्वकोशात शोभतं, घरात कोणाला कळणार? आणि ‘बुरसटलेले विचार’ आपणही म्हणतोच. शब्द ‘बुरा’वरूनच आला, हे माझं ठाम मत.

लॅबवाला, म्हापसा: सर, पटत नाही. भाकरीवर धरतो त्या भुऱ्यावरून आला असणार. माझी हरकत ‘बुरशी’च्या मोघमपणाला आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात नमुना पाहिला की अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशीचे तंतू बारीक, पेरापेरांचे, लघुकोनात फुटलेले दिसतात. म्यूकर या दुसऱ्या जातीचे रुंद, फितीसारखे, आत पडदे जवळजवळ नाहीत, फांद्या काटकोनात. पहिल्याला व्होरिकोनॅझोल देतात. म्यूकरवर ते चालत नाही, अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं. बुरशी शोधायची रक्तातली गॅलॅक्टोमॅनन चाचणीही म्यूकर पकडत नाही. २०२१मध्ये ‘काळी बुरशी’ म्हणून लोकांनी धसका घेतला, पण काळं पडतं ते रक्त न पोचून मेलेलं मांस. तेव्हा जातीचं नाव लिहाच.

रुग्णाची पत्नी, मडगाव: मला ‘संसर्ग’ जास्त लागला. ह्यांना अ‍ॅस्परजिलस झालं तेव्हा नातेवाईक दारातूनच परतायचे. ते माणसाकडून माणसाला लागत नाही, हवेतल्या बीजाणूंतून येतं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू, म्हणून आत रुजतं. ‘रुजली’ लिहा, ताई. आणि हे ठळक घाला: व्होरिकोनॅझोल सुरू झालं की टॅक्रोलिमसची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची, रक्तातली पातळी चढते. ह्यांचा टॅक्रोलिमसचा डोस एकतृतीयांशावर आणला होता. ती गोळी मी रोज स्वतः मोजून हातावर ठेवायची.

निवृत्त शिक्षक, डिचोली: रुजणं हा शुभ शब्द आहे. पेरलेलं रुजतं. रोगाला तो देऊ नये.

लॅबवाला, म्हापसा: पावसात रोयणीवर, म्हणजे वारुळावर, अळमी रुजतात, त्या कोणी पेरल्या? त्याही कवकच.

अनुवादिका, फोंडा: ‘संसर्ग’ खोडला. औषधाचा इशारा पहिल्या पानावर घेतला. शुक्रवारी छपाई आहे, बुरशीचं तेवढं सांगा.

निवृत्त शिक्षक, डिचोली: रोयणीवरची ती अळमी. अळंबी म्हणजे घाटावरचं रूप. आमची आई…

रुग्णाची पत्नी, मडगाव: आमच्याकडे ओळमी म्हणतात, सर.