वर्ल्ड बेस्ट वनडे टीम: सात नंबरवर गाडं अडलंय, सोलापूरकर मदत करा

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे एमआयडीसीत. रात्रपाळीला साडेदहाला चहा येतो, तेव्हा पंधरा मिनिटं माग बंद ठेवतो आणि गेले तीन आठवडे त्या पंधरा मिनिटांत एकच विषय चाललाय, आजपर्यंतची जगातली सगळ्यात भारी वनडे टीम. सुताच्या कोनचं खोकं फाडून त्याच्या पुठ्ठ्यावर अकरा नावं लिहून भिंतीला लावलीत, पण खाडाखोड एवढी झालीय की सात नंबरच्या जागी पुठ्ठ्याला भोकच पडलंय. म्हणून म्हटलं इथं विचारावं, इथं जाणकार लोक आहेत.

आधी ठरलेलं सांगतो. १९७१ ला मेलबर्नला पहिली वनडे झाली तेव्हापासून आजपर्यंतचा कुणीही चालेल. मॅच ५० ओव्हरची, पूर्ण डावाला एकच बॉल. आणि मॅच आपल्या सोलापूरच्या पार्क मैदानावर, एप्रिल महिन्यात, दुपारी, म्हणजे पारा चाळीसच्या वर आणि पिच कोरडं ठक्क. ही शेवटची अट मीच घातली, कारण नुसतं बेस्ट बेस्ट म्हणत बसलं की प्रत्येकजण आपापल्या आवडीचं नाव घुसवतो, मैदान डोळ्यासमोर असलं की निवड नीट होते.

आमची टीम अशी: सचिन, रोहित, रिचर्ड्स, विराट, एबी डिव्हिलियर्स, धोनी कीपर, कपिल, वसीम अक्रम, वॉर्न, मॅकग्रा, मुरली. पहिल्या पाचावर फार भांडण नाही. भांडण कपिलवरून. आमचे मास्तर म्हणतात सहाला मायकल बेव्हन पाहिजे, धोनी सातला, कपिल बाहेर. मी म्हणतो मग पाचव्या बॉलरच्या १० ओव्हर कोण टाकणार? ते म्हणतात सचिन आणि रिचर्ड्स मिळून. आता सचिनच्या १५४ विकेट आहेत, रिचर्ड्सच्या ११८, नाही असं नाही, पण समोरही जगातली बेस्ट टीमच आहे असं धरलं तर त्या १० ओव्हरला ८० रन गेले तर? आणि १९८३ च्या वर्ल्डकपला टनब्रिज वेल्सला ९ वर ४ असताना येऊन नाबाद १७५ मारणाऱ्या माणसाला बाहेर ठेवायला माझा हात होत नाही. प्रामाणिकपणे सांगा, मी भावनेत वाहतोय का हिशोबाने बोलतोय?

भवानीपेठ_७८

मास्तर बरोबर बोलालेत, तुम्ही भावनेत आहात. बेव्हनचे आकडे बघा की, २३२ मॅच, ६९१२ रन, अ‍ॅव्हरेज ५३.५८, आणि हे त्या काळात जेव्हा २२० ला लोक मॅच जिंकायचे. सगळे म्हणतात ६७ वेळा नॉटआउट राहिला म्हणून अ‍ॅव्हरेज फुगलंय, अहो पण सहा नंबरवाल्याचं कामच नॉटआउट राहून मॅच संपवणं आहे, ते तो करत होता हा काय दोष झाला का? १ जानेवारी १९९६, सिडनी, वेस्ट इंडिजविरुद्ध ३८ वर ६ गेलेले, तिथून नाबाद ७८ आणि शेवटच्या बॉलला समोरून फोर. २००३ च्या वर्ल्डकपला इंग्लंडविरुद्ध १३५ ला ८, जिंकायला २०५ पाहिजेत, अँडी बिकेलला धरून काढली मॅच. मी तेव्हा बारावीला होतो, दुसऱ्या दिवशी पेपरात तो स्कोअरकार्ड कापून वहीत चिकटवला होता, अजून आहे. मोठा सिक्स नाही, गाजावाजा नाही, नुसतं गॅपमध्ये ढकलायचं आणि दोन पळायचे. आणि पार्कसारख्या मोठ्या मैदानावर दोन-दोन पळणाराच पाहिजे, तिथं सिक्स मारायला गेलेले कितीतरी लाँगऑनला सापडलेले मी बघितलेत.

कपिल बॉलर म्हणून एक नंबर. पण बॅटिंगला सात नंबरवर तुम्हाला ३५ व्या ओव्हरला ५ बाद १५० असताना कोण पाहिजे ते शांत बसून ठरवा.

जुनी_मिल_कामगार

पोरांनो, कपिलबद्दल बोलताना जरा जपून. १९८३ ची फायनल आम्ही चाळीत एका घरातल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर बघितली, आत बसायला जागा नव्हती म्हणून मी खिडकीचा गज धरून बाहेर उभा होतो. आपले १८३ झाले तेव्हा निम्मी माणसं उठून घरी गेली. रिचर्ड्स आला आणि फटाफट फोर मारायला लागला, २८ बॉलमध्ये ३३, असं वाटलं तीस ओव्हरच्या आतच संपवतोय. मग मदनलालला उंच मारला आणि कपिल मिडविकेटकडं पाठमोरा पळत गेला. पळत गेला म्हणजे बॉलकडं बघत बघत, पाय कुठं पडतायत त्याकडं लक्ष नाही. माझ्या हाताला गजाचा गंज लागला होता तो दुसऱ्या दिवशीपर्यंत गेला नाही. हे फिल्डिंगचं कुठल्या आकड्यात धरणार तुम्ही? २५३ विकेट आणि ३७८३ रन पुस्तकात आहेत, तो कॅच पुस्तकात एका ओळीत संपतो.

रिचर्ड्सबद्दल कुणी वाद घातला नाही हे बरं केलं. १९८४ ला ओल्ड ट्रॅफर्डला १६६ वर ९ गेलेले, मायकल होल्डिंगला दुसऱ्या टोकाला उभा करून नाबाद १८९. शेवटच्या जोडीचे १०६, टीमचे २७२. हेल्मेट कधी घातलं नाही.

आणि माझी एक तक्रार आहे, जोएल गार्नरचं नाव कुणाच्याच तोंडी कसं नाही? ९८ मॅच, १४६ विकेट, ओव्हरला सरासरी ३.०९ रन. पावणेसात फुटाच्या आसपासचा माणूस, त्याचा यॉर्कर पत्र्यावरून पडल्यासारखा यायचा. १९७९ च्या फायनलला इंग्लंड १८३ ला २ होतं ते १९४ ला सगळे बाद, गार्नरच्या ५ विकेट. मॅकग्राच्या जागी विचार करा.

पार्क_लेदरबॉल

काका तुमचा कॅच वाचून अंगावर काटा आला. पण मॅकग्राला हात लावू नका. वर्ल्डकपमध्ये ७१ विकेट आहेत त्याच्या, २००७ ला तर एकट्याने २६ काढल्या, आणि गार्नर चांगलाच, पण कोरड्या पिचवर ऑफस्टंपच्या टोकावर दहा ओव्हर एकाच टप्प्यावर टाकणं हे मॅकग्राचंच काम. मी स्वतः लीगला मिडियम टाकतो म्हणून सांगतो, पार्कला दुपारी बारा-साडेबारानंतर बॉल पडल्यावर धूळ उडते, तेव्हा वेग काही कामाचा नाही, टप्पाच कामाचा.

दुसरं, एकच बॉल ही अट एकदम योग्य घातलीत तुम्ही. लोकांना वाटतं रिव्हर्स स्विंग, म्हणजे घासून जुना झालेला बॉल हवेत उलटा वळणं, हे कायम असंच होतं. ऑक्टोबर २०११ पासून दोन्ही टोकांनी वेगवेगळा नवा बॉल आला, म्हणजे ५० ओव्हर झाल्या तरी एकेक बॉल २५ ओव्हरच जुना, तो वळणार कसा, स्पिनरला पण ग्रिप मिळेना. २०२५ मध्ये आयसीसीने ३४ ओव्हरनंतर दोनपैकी एकाच बॉलने पुढं खेळायचं ठरवलं, ते त्यामुळंच. म्हणून रोहितचे २६४ आणि सचिनचे नाबाद २०० शेजारी ठेवताना हे लक्षात घ्या, सचिनचे २०१० चे ग्वाल्हेरचे, दोन बॉलच्या आधीचे. रोहित लहान नाही होत यानं, पण तुमच्या अटीत त्याचं वजन थोडं कमी होतं.

आणि इथंच वसीमबद्दल एक दुरुस्ती, कारण माझेच मित्र चुकीचं सांगतात. १९९२ च्या वर्ल्डकपला पण दोन टोकांना दोन पांढरे बॉल होते. म्हणजे फायनलला अ‍ॅलन लँब आणि क्रिस लुईसला लागोपाठ दोन बॉलमध्ये बोल्ड केलं ना, तो बॉल अठरा ओव्हरसुद्धा जुना नव्हता, तरी लँबला बाहेर गेला आणि लुईसला आत आला. तुमच्या मॅचला त्याच्या हातात चाळीस ओव्हर घासलेला बॉल द्या आणि मग बघा. ५०२ विकेट उगाच नाहीत.

कीपर_जुळेसोलापूर

मी इतके दिवस नुसता वाचत होतो, पण कीपरचा विषय निघाला नाही म्हणून लिहितोय. माझ्या मित्राचं म्हणणं, गिलख्रिस्ट घ्या, ओपनिंगला पाठवा, ९६.९४ चा स्ट्राइक रेट, २००७ च्या फायनलला ग्लोव्हमध्ये स्क्वॉशचा बॉल घालून १४९, मग कीपर आणि ओपनर एकातच झाले, एक जागा मोकळी झाली, बेव्हन आणि कपिल दोघं बसतात, वाद मिटला. कागदावर अगदी चोख हिशोब आहे.

पण मैदान पार्कचं आहे ना? एका टोकाला वॉर्न, दुसऱ्या टोकाला मुरली. मी मॅटिंगवर पण कीपिंग केलंय आणि मातीवर पण, कोरड्या पिचवर स्पिनर टाकत असताना बॉल कधी गुडघ्याला येतो कधी छातीला, आणि चूक झाली की बोटाचं नख जातं. माझं गेलंय. धोनीच्या वनडेत १२३ स्टंपिंग आहेत, गिलख्रिस्टच्या ५५. गिलख्रिस्टने वॉर्नला वर्षानुवर्षं कीपिंग केलं, तो काही कमी नाही, एकूण ४७२ बळी आहेत त्याचे. पण धोनी हात मागं नेतच नाही हो. बाकी आम्ही बॉल पकडतो, हात थोडा मागं देतो आणि मग स्टंपकडं आणतो, तो बॉलला भेटायला पुढंच जातो आणि तिथूनच बेल उडवतो. हे मी घरी भिंतीवर टेनिस बॉल मारून दोन वर्षं करून बघितलं, दहात दोनदा जमतं, तेही हळू बॉलला. त्यामुळं धोनी हलवू नका, कॅप्टन पण तोच.

उपाय मी सांगतो. रोहित काढा आणि जयसूर्या घ्या. १३४३० रन आणि ३२३ विकेट. लेफ्टी ओपनर मिळाला, सचिनबरोबर डावा-उजवा जोडी झाली, आणि पाचव्या बॉलरच्या दहा ओव्हर आपोआप सुटल्या. कोरड्या पिचवर तो काय करतो हे आपल्यापेक्षा जास्त कुणी भोगलंय? १९९६ ची सेमीफायनल, ईडन गार्डन, सचिन ६५ वर स्टंप झाला तो जयसूर्याच्याच बॉलवर, ९८ ला १ होतो आणि १२० ला ८. त्या दिवशी १२ रन देऊन ३ काढल्या त्यानं.

भवानीपेठ_७८

हे पटलं बे एकदम. जयसूर्या आठ ओव्हर, सचिन दोन-तीन. सचिनला शेवटची ओव्हर पण देता येते, १९९३ ला हिरो कपच्या सेमीला आफ्रिकेला सहा पाहिजे होते, तीनच दिले पठ्ठ्यानं.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल चहाच्या वेळेला तुमचे रिप्लाय मोठ्यानं वाचून दाखवले, पंधरा मिनिटांची पंचवीस झाली, मी काही बोललो नाही. जयसूर्याचं नाव माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि ९६ ची सेमी मी रडत रडत बघितलेली असून आलं नव्हतं, कदाचित म्हणूनच. रोहित काढताना दोन पोरं नाराज झाली, २०१९ च्या एका वर्ल्डकपमध्ये पाच सेंच्युरी कुणी मारल्यात का म्हणून विचारत होती, त्यांचंही खरंय. पण पिच पार्कचं आणि बॉल एकच, त्यात स्पिन टाकणारा ओपनर जड पडतो.

तर नवीन पुठ्ठा: सचिन, जयसूर्या, रिचर्ड्स, विराट, एबी, बेव्हन, धोनी, वसीम, वॉर्न, मॅकग्रा, मुरली. गार्नरचा विचार केला काका, खरंच केला, पण मॅकग्रा आणि तो यात मैदान बघून मॅकग्रा ठेवला. मास्तर जिंकले. कपिलला काढताना मी पेन मास्तरांच्या हातात दिला, मला ते जमलं नसतं.

जुनी_मिल_कामगार

टीम चांगली झालीय, नाही म्हणत नाही. पण बारावा कोण ते लिहिलं नाहीस. एप्रिलच्या उन्हात पन्नास ओव्हर फिल्डिंग आहे, रिचर्ड्सला पाणी प्यायला आत जावं लागलं तर मिडविकेटला कोण उभा राहणार?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड

लिहिलं काका. आत्ताच.