तीन एकराला पहिला ट्रॅक्टर कुठला?

तासगावजवळ रान हाय, दीड एकर द्राक्ष बाकी ऊस. भाड्याच्या ब्लोअरवाल्याच्या (ट्रॅक्टरला जोडून बागेत औषध फवारायचं यंत्र) मागं फिरून कटाळा आलाय, पाऊस उघडला की समद्यांनाच तो पायजे. मिनी घेऊ का ४० एचपीचा?

> दादा मोठा घालून बागेतले ओलांडे (द्राक्षवेलीच्या आडव्या फांद्या) मोडणार का? २४ एचपीच्या आसपासचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी बघा, पण नुसत्या इंजिनच्या एचपीवर जाऊ नका, पीटीओला (मागच्या अवजाराला ताकद देणारा फिरता दांडा) किती मिळते ते विचारा, ब्लोअर त्याच्यावरच चालतो.

> सरी केवढी? साडेचार फुटी असंल तर मिनीनं भरणी (उसाला माती लावणं) होती, तीन फुटीत बैलच बरा 😄 नांगरट भाड्यानंच करा.

> महाडीबीटीची (सरकारी अनुदानाच्या अर्जाचं पोर्टल) पूर्वसंमती यायच्या आधी बिल केलं तर अनुदान गेलं समजा.

सरी पाच फुटी हाय. अर्ज आजच टाकतो.